औषधी वनस्पतीच्या पाना-फळांची अँटिऑक्सिडंट आणि पेशीमारक क्षमता कशी तपासावी

औषधी वनस्पतीच्या पानांचा आणि फळांचा अर्क काढून त्याची अँटिऑक्सिडंट व पेशीमारक क्षमता मोजणे हा वनस्पतिशास्त्र, जैवरसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही शाखांतील पदव्युत्तर प्रकल्पांचा नेहमीचा विषय आहे. रसायने सहज मिळतात, कृती छापील असतात आणि आकडा हमखास हाती येतो. खरी अडचण इथेच आहे. जवळपास कोणत्याही पानाचा अर्क डीपीपीएच या चाचणी-रसायनाचा जांभळा रंग उडवतो आणि मात्रा वाढवत नेली तर जवळपास कोणताही अर्क पेशी मारतो. त्यामुळे नुसता आकडा आल्याने काही सिद्ध होत नाही. पान सरस की फळ, हे ठरवायचे असेल तर दोन्हींना तोडणीपासून शेवटच्या वाचनापर्यंत एकसारखी वागणूक मिळाली पाहिजे. शिवाय अर्काचा रंग, त्यातील साखर आणि त्याची स्वतःची क्षपणशक्ती (इलेक्ट्रॉन देण्याची ताकद) यांनी उपकरणाची दिशाभूल केलेली नाही, याची खात्री प्रत्येक टप्प्यावर करून घ्यावी लागते.

नमुना गोळा करणे आणि वाळवणे

वनस्पतीची ओळख वर्गीकरणतज्ज्ञाकडून पक्की करून घ्यावी आणि तिचा नमुना एखाद्या मान्य वनस्पती-संग्रहालयात, म्हणजे हर्बेरियममध्ये, जमा करून त्याचा क्रमांक नोंदवावा. एकाच लोकप्रचलित नावाने दोन-तीन वेगळ्या जाती ओळखल्या जातात, त्यामुळे हा क्रमांक नसेल तर पुढचे सगळे काम नेमक्या कोणत्या वनस्पतीवर झाले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

पाने आणि फळे शक्यतो त्याच झाडांवरून, त्याच हंगामात तोडावीत. एका झाडावर विसंबून राहू नये. किमान तीन-चार झाडांचा माल वेगवेगळा ठेवला तर झाडागणिक पडणारा फरक मोजता येतो. पानांच्या बाबतीत कोवळे पान, पूर्ण वाढलेले पान आणि जून पान यांत फरक असतो. फळांच्या बाबतीत तर पक्वतेची अवस्था हाच सर्वांत मोठा घटक ठरतो. कच्च्या फळात तुरट टॅनिन जास्त असते, पिकताना ते घटते किंवा बांधले जाते, साखर वाढते आणि काही फळांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होते. म्हणून ‘फळ’ एवढेच लिहून भागत नाही. फळ कच्चे होते की पिकलेले, साल ठेवली की काढली, बी वेगळी केली की गरासोबत वाटली, हे सगळे लिहावे. बी शक्यतो वेगळीच ठेवावी, कारण बियांतील तेल आणि विषारी घटक यांचे गणित गरापेक्षा अगदी निराळे असू शकते.

पाने सावलीत, हवेशीर जागी वाळवली तर चालते. फळे तशी वाळत नाहीत. गर आठवडाभर ओला राहतो, त्यावर बुरशी येते, आणि मग आपण वनस्पतीबरोबर बुरशीचीही रसायने मोजू लागतो. उन्हात किंवा तापलेल्या भट्टीत घातले तर फिनॉल वर्गातील संयुगे ऑक्सिडीकरणाने खराब होतात. शीत-शुष्कन यंत्र, म्हणजे लायोफिलायझर, उपलब्ध असेल तर पाने आणि फळे दोन्ही त्यातच वाळवावीत. नसेल तर दोन्ही ४० अंश सेल्सिअसवर, पातळ काप करून, हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये वाळवावीत. पाने सावलीत आणि फळे ओव्हनमध्ये असा मिश्र मार्ग घेतला की पुढे दिसणारा फरक वनस्पतीच्या अवयवाचा की वाळवण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येत नाही. वाळलेला माल दळून एकाच जाळीच्या चाळणीतून काढावा आणि हवाबंद, अपारदर्शक डब्यात ठेवावा. साखरेमुळे फळांची भुकटी हवेतील ओलावा ओढून गोळे धरते, तेव्हा तिच्यासोबत सिलिका जेलची पुडी ठेवणे बरे.

अर्क

फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड संयुगांसाठी ७० ते ८० टक्के मिथेनॉल किंवा इथेनॉल हे द्रावक बहुतेक वेळा समाधानकारक असते. पाण्याचा अंश असल्यामुळे ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेली संयुगे, हीही विरघळतात. अर्क पुढे जिवंत पेशींवर वापरायचा असल्यास इथेनॉल अधिक सोयीचे, कारण त्याचा अवशेष मिथेनॉलइतका त्रासदायक नसतो. एक भाग भुकटीला दहा भाग द्रावक घ्यावे, २४ तास हलवत्या यंत्रावर अंधारात ठेवावे, गाळावे आणि उरलेल्या चोथ्यावर हीच क्रिया आणखी दोनदा करावी. तिन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांपेक्षा जास्त न तापवता आटवावा. सॉक्सलेट हे उकळत्या द्रावकाने अर्क काढणारे उपकरण वापरले तर वेळ वाचतो, पण त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो. उष्णतेने बिघडणाऱ्या संयुगांसाठी ती पद्धत मी सुचवणार नाही.

आता उताऱ्याचा, म्हणजे किती भुकटीतून किती अर्क मिळाला याचा हिशेब. पुष्कळ प्रबंधांत हा आकडा एका ओळीत उरकला जातो, पण पान आणि फळ यांच्या तुलनेचा निकाल फिरवण्याची ताकद याच आकड्यात असते. समजा, पानांचा उतारा १२ टक्के आला आणि फळांचा ४० टक्के. फळांचा उतारा इतका मोठा दिसतो तो मुख्यतः साखरेमुळे. आता एकूण फिनॉल मोजले असता पानांच्या एक ग्रॅम अर्कात १५० मिलिग्रॅम आणि फळांच्या एक ग्रॅम अर्कात ६० मिलिग्रॅम आढळले, असे धरू. अर्काच्या वजनावर पान अडीच पट सरस दिसते. पण हेच सुक्या भुकटीच्या वजनावर मांडले तर पानांच्या एका ग्रॅम भुकटीत १८ मिलिग्रॅम आणि फळांच्या एका ग्रॅम भुकटीत २४ मिलिग्रॅम येतात, म्हणजे फळ पुढे जाते. दोन्ही विधाने बरोबर आहेत, मात्र ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणून निकाल नेहमी दोन्ही पायांवर (अर्काच्या आणि भुकटीच्या वजनावर) द्यावा आणि शीर्षकात ‘पाने अधिक प्रभावी’ असे लिहिण्याआधी कोणत्या पायावर प्रभावी, हे स्वतःशी स्पष्ट करावे. साखरेचा भार काढून टाकायचा असेल तर अर्क पाण्यात विरघळवून सी-१८ प्रकारच्या घन-प्रावस्था स्तंभातून न्यावा; साखर पाण्याबरोबर निघून जाते आणि फिनॉल स्तंभावर राहतात, ते आम्लयुक्त मिथेनॉलने उतरवता येतात.

सुकलेला अर्क तपकिरी बाटलीत, उणे २० अंशांवर ठेवावा. एकच मोठी बाटली पुन्हापुन्हा वितळवण्याऐवजी सुरुवातीलाच छोटे छोटे भाग करून ठेवावेत.

अँटिऑक्सिडंट क्षमता

एका चाचणीवर भागवू नये. वेगवेगळ्या चाचण्या वेगवेगळ्या रासायनिक क्रिया मोजतात आणि दोन-तीन चाचण्यांत एकच कल दिसला तरच त्याला वजन येते.

डीपीपीएच ही सर्वांत प्रचलित चाचणी १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी मांडली. डीपीपीएच हे स्थिर मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा असलेला रेणू, आहे. त्याचे द्रावण गडद जांभळे असते आणि ५१७ नॅनोमीटरवर प्रकाश शोषते. अर्कातील संयुगाने त्याला हायड्रोजन अणू किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलीटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच विरघळवावे. द्रावण त्याच दिवशी करावे आणि बाटलीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी. अर्काच्या प्रमाणाच्या किमान सहा पातळ्या घ्याव्यात, प्रत्येकीचे तीन नमुने करावेत, ३० मिनिटे अंधारात ठेवून वाचन घ्यावे. सोबत ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा ट्रोलॉक्स (‘ई’ जीवनसत्त्वासारखे, पाण्यात विरघळणारे संयुग) यांची प्रमाण मालिका त्याच दिवशी, त्याच द्रावणाने चालवावी. ॲस्कॉर्बिक आम्लाची क्रिया काही मिनिटांतच संपते, तर मोठ्या रेणूंची पॉलिफिनॉल अर्ध्या तासानंतरही संथपणे रंग उडवत राहू शकतात. म्हणून मुख्य प्रयोगाआधी एका पातळीवर दर पाच मिनिटांनी वाचन घेऊन आलेख कधी सपाट होतो, ते पाहावे.

फळांच्या अर्काबाबत इथे एक हमखास फसगत होते. जांभळासारख्या गडद फळांतील अँथोसायनिन ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणजे डीपीपीएचच्या अगदी दारातच. अर्काने डीपीपीएचचा रंग उडवला तरी स्वतःचा लाल-जांभळा रंग मागे ठेवला, तर उपकरणाला तो उरलेला डीपीपीएचच वाटतो. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक पातळीसाठी डीपीपीएचऐवजी नुसते मिथेनॉल घातलेला रंग-ब्लँक ठेवावा आणि त्याचे वाचन वजा करावे. कंट्रोलचे (अर्क न घातलेल्या नळीचे) वाचन ०.८२० आहे, अर्क घातलेल्या नळीचे ०.४१० आहे आणि तिच्या रंग-ब्लँकचे ०.०६० आहे, असे समजू. ब्लँक वजा न करता हिशेब केला तर मूलक-निवारण ५० टक्के येते. वजा केल्यावर उरलेले वाचन ०.३५० होते आणि निवारण ५७.३ टक्के येते. पानांच्या अर्कात हा दोष सहसा कमी असतो, त्यामुळे ब्लँक न ठेवणाऱ्याच्या हिशेबात फळ विनाकारण मागे पडते.

एबीटीएस चाचणीत हा प्रश्न बराच हलका होतो, कारण तिचे वाचन ७३४ नॅनोमीटरवर घेतात आणि तिथे अँथोसायनिन किंवा हरितद्रव्य फारसे शोषण करत नाहीत. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून अंधारात १२ ते १६ तास ठेवले की निळे-हिरवे मूलक तयार होते. वापरण्यापूर्वी ते वाचन ०.७० येईपर्यंत पातळ करावे. रंगीत फळांसाठी एकच मूलक-चाचणी निवडायची वेळ आली तर मी हीच निवडीन.

फ्रॅप चाचणी मूलकाशी संबंधित नाही. ती फेरिक लोहाचे फेरसमध्ये क्षपण करण्याची ताकद मोजते. बेन्झी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये दिलेल्या कृतीत ३.६ पीएचचे ॲसिटेट बफर, टीपीटीझेड (फेरस लोहाशी निळा रंग देणारे अभिकर्मक) आणि फेरिक क्लोराइड ही द्रावणे १०:१:१ प्रमाणात ऐनवेळी मिसळतात आणि निळ्या रंगाचे वाचन ५९३ नॅनोमीटरवर घेतात.

एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक वापरतात, गॅलिक आम्लाची प्रमाण रेषा काढतात आणि ७६५ नॅनोमीटरच्या जवळपास वाचतात. या चाचणीच्या नावात ‘फिनॉल’ असले तरी तिला फिनॉल ओळखता येत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल, क्षपणकारी साखर, काही अमिनो आम्ले असे जे जे क्षपण करते ते ते निळा रंग देते. ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध फळाचा आकडा त्यामुळे फुगतो. अशा फळासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल वेगळे मोजून त्याचा वाटा वजा करावा, किंवा वर सांगितलेल्या सी-१८ स्तंभातून गेलेला अर्कच मोजावा. ॲल्युमिनियम क्लोराइडने फ्लॅव्होनॉइड मोजण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती क्वेर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉलना चांगला प्रतिसाद देते, कॅटेचिनसारख्यांना फारसा देत नाही. म्हणून तिच्या आकड्याला ‘एकूण’ म्हणताना हात आखडता घ्यावा.

आयसी-५०, म्हणजे निम्मे निवारण (पेशींच्या चाचणीत निम्मा परिणाम) करणारी संहती किंवा द्रावणातील प्रमाण, काढताना सगळ्या बिंदूंतून सरळ रेषा ओढण्याची सवय सोडावी. मात्रा आणि प्रतिसाद यांचे नाते वळणदार असते. लॉगरिदमिक अक्षावर चार-घटकी वक्र बसवणारी संगणक-प्रणाली वापरावी आणि आकड्यासोबत त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा द्यावी. डीपीपीएचचा आयसी-५० हा डीपीपीएचच्या मूळ संहतीवर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करता येत नाही. ट्रोलॉक्सच्या समतुल्य एककांत निकाल दिला तर तुलना काहीशी शक्य होते.

परीक्षानळीतील अँटिऑक्सिडंट क्षमतेवरून शरीरातील परिणामाचे भाकीत करू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओरॅक (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या) मूल्यांची आपली माहितीसूची २०१२ मध्ये काढून घेतली, त्यामागे हेच कारण होते. पचन, शोषण आणि यकृतातील रूपांतर यांतून पार झाल्यावर मूळ रेणूचे किती शिल्लक राहते, हे कोणतीही रंग-चाचणी सांगत नाही.

पेशीमारक क्षमता

पेशीसंवर्धनाची सोय नसलेल्या प्रयोगशाळेत पहिली चाळणी म्हणून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबीवर्गीय जिवाच्या पिल्लांवर चाचणी घेता येते. ही पद्धत १९८२ मध्ये मेयर व सहकाऱ्यांनी मांडली. अंडी कृत्रिम समुद्रजलात साधारण २४ ते ४८ तासांत फुटतात; प्रत्येक नळीत दहा पिल्ले घेऊन २४ तासांनी मेलेली पिल्ले मोजतात आणि निम्मी पिल्ले मारणारी संहती १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षा कमी आली तर अर्क विषारी धरतात. ही विषारीपणाची ढोबळ चाचणी आहे. तिच्यावरून कर्करोगाविषयी एक अक्षरही लिहू नये.

मुख्य काम मानवी पेशींवर करावे लागते. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची, हेपजी-२ ही यकृताची, ए-५४९ ही फुफ्फुसाची आणि हेला ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवला जाणारा पेशींचा वंश) सर्वत्र वापरली जाते. हेला पेशी १९५१ पासून संवर्धनात आहेत आणि इतक्या जोमाने वाढतात की जगभर अनेक सेल लाइन त्यांच्या शिरकावाने बाटल्याचे आढळले आहे. त्यामुळे पेशी मान्य संग्रहातूनच घ्याव्यात, एसटीआर या डीएनए-ठसा पद्धतीने त्यांची ओळख तपासावी आणि मायकोप्लाझ्मा या संवर्धन बाटवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची चाचणी नियमित करावी. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी आणलेली, किती वेळा उपसंवर्धित झाली हे कोणालाच ठाऊक नसलेली कुपी वापरू नये. सोबत किमान एक कर्करोगी नसलेली सेल लाइन असणे अत्यावश्यक आहे, शक्यतो त्याच अवयवाची.

अर्काचे मूळ द्रावण सहसा डीएमएसओ या द्रावकामध्ये करतात आणि इथे आधीच गणित करावे. पेशींपर्यंत पोहोचणारे डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आसपास असावे, ०.५ टक्क्याच्या वर जाऊ नये. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरचे मूळ द्रावण केले आणि पेशींना १०० मायक्रोग्रॅमची मात्रा द्यायची ठरवली तर ते शंभर पट पातळ होते, म्हणजे डीएमएसओ १ टक्का राहते आणि पेशी त्यानेच आजारी पडतात. मूळ द्रावण १०० मिलिग्रॅमचे केले तर तीच मात्रा ०.१ टक्क्यात बसते. सर्व पातळ्यांवर डीएमएसओ सारखेच ठेवावे आणि तेवढेच डीएमएसओ दिलेला कंट्रोल लावावा. मात्रा दिल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. अर्क माध्यमात साका होऊन बसला असेल तर त्या पातळीचे वाचन टाकून द्यावे.

एमटीटी चाचणी मॉसमन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य असून जिवंत पेशी त्याचे जांभळ्या फॉर्मॅझॅनमध्ये रूपांतर करतात. ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये प्रत्येक वेलात ५,००० ते १०,००० पेशी पेराव्यात, त्या रात्रभर चिकटू द्याव्यात, मग अर्क देऊन ४८ किंवा ७२ तास ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवाव्यात. कडेच्या वेलांतून पाणी उडते, त्यामुळे तिथे पेशी न घालता नुसते बफर भरावे. त्यानंतर माध्यमात ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर होईल इतके एमटीटी घालून तीन ते चार तास थांबावे, द्रव अलगद काढावा, जांभळे फॉर्मॅझॅन स्फटिक डीएमएसओमध्ये विरघळवावेत आणि ५७० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. हातमोजे घालूनच काम करावे. डीएमएसओ त्वचेतून झिरपते आणि विरघळलेले पदार्थही सोबत नेते.

धन-कंट्रोल, म्हणजे पेशी नक्की मारणारे ज्ञात औषध, म्हणून डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिन वापरतात. सिस्प्लॅटिन मात्र डीएमएसओमध्ये विरघळवू नये. डीएमएसओतील गंधक प्लॅटिनमला चिकटतो आणि औषध निकामी होते. त्यासाठी सलाईन द्रावणच घ्यावे. ज्या प्लेटमध्ये सिस्प्लॅटिनचा प्रभाव आश्चर्यकारकरीत्या कमी आणि अर्काचा प्रभाव त्याच्या बरोबरीचा दिसतो, तिथे आधी हेच तपासावे.

अँटिऑक्सिडंट अर्कांसाठी एमटीटी ही खरे तर अवघड चाचणी आहे, आणि अडचण दोन्ही बाजूंनी येते. एमटीटीचा रंग क्षपणाने बदलतो आणि आपला अर्क तर क्षपणासाठीच निवडलेला असतो. पेशी मेल्या असूनही अर्क स्वतःच एमटीटीला जांभळा करू शकतो आणि पेशी जिवंत असल्याचा भास होतो. पेशी न घातलेल्या वेलात माध्यम, अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून पाहावे. रंग आला तर एमटीटी घालण्यापूर्वी पेशी बफरने धुऊन घ्याव्यात, किंवा सल्फोर्‍होडामाइन-बी या प्रथिनांना रंगवणाऱ्या चाचणीकडे वळावे. दुसऱ्या बाजूने, गॅलिक आम्ल किंवा चहातील कॅटेचिनसारखी पॉलिफिनॉल संवर्धन-माध्यमात स्वतःच ऑक्सिडीकृत होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी मरतात त्या या पेरॉक्साइडने, आणि श्रेय अर्काला मिळते. एका समांतर संचात कॅटलेझ हे विकर घालावे. त्याने पेशी वाचल्या तर दिसलेला परिणाम बाटलीतील रसायनाचा होता, असे समजावे. वनस्पतीच्या अर्कांवरील कामात हा संच क्वचितच दिसतो, पण माझ्या मते तो असल्याशिवाय निष्कर्ष लिहूच नये.

‘पेशीमारक’ हा शब्द वापरण्यापूर्वी आणखी एक वाचन लागते. अर्क देण्याच्या क्षणी, शून्य वेळेला, एक वेगळी प्लेट वाचावी. त्या वेळी वाचन ०.३०० होते, ४८ तासांनी कंट्रोलचे ०.९०० झाले आणि अर्क दिलेल्या वेलाचे ०.४५० आले, असे समजा. कंट्रोलच्या तुलनेत हे ५० टक्के आहे आणि नेहमीच्या हिशेबात याला आयसी-५० म्हणतील. पण पेशी ०.३०० वरून ०.४५० वर गेल्या आहेत, म्हणजे त्या वाढल्या आहेत, फक्त सावकाश. इथे अर्काने वाढ रोखली, मारले काहीच नाही. वाचन शून्य वेळेच्या खाली गेले तरच मारण्याची भाषा करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणी-पद्धतीत म्हणूनच निम्मी वाढ रोखणारी, पूर्ण वाढ रोखणारी आणि सुरुवातीच्या निम्म्या पेशी मारणारी अशा तीन वेगळ्या संहती देतात.

पेशी मेल्या हे निश्चित झाल्यावर त्या कशा मेल्या, हा प्रश्न येतो. सॅपोनिन असलेले अर्क साबणासारखे पेशीपटल फोडतात. अशी मारक शक्ती कर्करोगाच्या दृष्टीने कुचकामी असते, कारण ती लाल रक्तपेशींनाही सोडत नाही. रक्तपेशी-विघटनाची साधी चाचणी आणि माध्यमात गळलेल्या एलडीएच विकराचे मापन यांतून हे लवकर कळते. पेशीचा नियोजित मृत्यू, म्हणजे ॲपॉप्टोसिस, दाखवायचा असेल तर ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड यांनी रंगवून फ्लो सायटोमीटरवर मोजावे आणि त्याला कॅस्पेज विकरांच्या मापनाची जोड द्यावी. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल झालेल्या दिसल्या, एवढ्यावर ॲपॉप्टोसिस लिहू नये.

आकडे कसे वाचावेत

एका प्लेटमधील तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पिढीच्या पेशींवर केलेले किमान तीन स्वतंत्र प्रयोग हवेत आणि सरासरी व विचलन त्यांचे द्यावे. पान, फळ आणि अनेक मात्रा यांची एकाच वेळी तुलना करताना जोडीजोडीने टी-चाचण्या न लावता प्रसरण-विश्लेषण (ॲनोव्हा) करून मग टूकीसारखी, गटागटांतील फरक तपासणारी चाचणी लावावी.

कच्च्या अर्कासाठी आयसी-५० साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत असेल तरच तो पुढील कामासाठी लक्षवेधी मानण्याचा प्रघात आहे. ३०० किंवा ५०० मायक्रोग्रॅमचा आकडा आला तर तो प्रामाणिकपणे ‘क्षीण’ म्हणून लिहावा. दुसरा आकडा निवडकतेचा: कर्करोगी नसलेल्या पेशींचा आयसी-५० भागिले कर्करोगी पेशींचा आयसी-५०. हे गुणोत्तर एकच्या आसपास असेल तर अर्क दोघांनाही सारखाच मारतो आणि त्याला विष म्हणणेच योग्य. तीनच्या वर असेल तर बरेच संशोधक त्याला आशादायक मानतात, पण ही सीमा सोयीची आहे, निसर्गनियम नव्हे.

एकूण फिनॉल आणि पेशीमारक क्षमता यांचा सहसंबंध काढून ‘फिनॉलमुळेच पेशी मेल्या’ असे लिहिण्याचा मोह होतो. पान आणि फळ असे दोनच अर्क असतील तर दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, तेव्हा असा सहसंबंध मांडूच नये. अँटिऑक्सिडंट आणि पेशीमारक हे दोन गुण एकाच संयुगात असतील असेही नाही. सदाफुलीच्या पानांतील व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही प्रत्यक्ष वापरातील कर्करोगावरील औषधे अल्कलॉइड आहेत आणि ती ट्युब्युलिनला चिकटून पेशीविभाजन थांबवतात. मूलक-निवारणाशी त्यांच्या कामाचा संबंध नाही. शिवाय पानांत त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की कच्च्या अर्काच्या चाचणीत ती फिनॉलच्या गर्दीत सहज झाकली जातात.

म्हणून पुढचा टप्पा म्हणजे अर्काचे विभाजन. हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, ब्युटेनॉल आणि पाणी असे क्रमाने भाग पाडावेत, प्रत्येक भाग त्याच पेशींवर पुन्हा तपासावा आणि ज्यात क्षमता एकवटली आहे तोच भाग क्रोमॅटोग्राफीला न्यावा. प्रत्येक भागाचे वजन आणि त्याचा आयसी-५० यांवरून एकूण क्षमतेचा ताळेबंद मांडावा. सर्व भागांची बेरीज मूळ अर्काच्या क्षमतेपेक्षा फार कमी भरली, तर एखादे संयुग विभाजनात नष्ट झाले असेल किंवा दोन संयुगे मिळून काम करत असतील. अशा वेळी भाग पुन्हा मूळ प्रमाणात एकत्र करून तीच चाचणी घ्यावी. एकत्र केल्यावर क्षमता परत आली तर संयुगे मिळून काम करत होती, आणि परत आली नाही तर वाळवण्या-आटवण्याच्या तापमानाकडे व साठवणीकडे पुन्हा पाहावे.